निदान तांबं तरी निघावं

८ फेब्रुवारी

बाईसाहेब,

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि फोन मुलीच्या हातात देतेस. ती बिचारी दोन्हीकडचं बोलते. "बाबा, आई विचारतेय जेवलात का." आई काही विचारत नसणार, एवढं मला कळतं. चाळीस वर्षांचा संसार झालाय आपला. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. म्हणजे देता येतं, पण तू देणार नाहीस.

बातमी अशी, की वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या भरल्यात. हसू नकोस, खरंच. एक मोठी गाडी आली, तिच्यावर सुटं केलेलं यंत्र, मागून दोन जीप, आणि त्यांतून उतरलेली सगळी माणसं आपल्याकडे उतरली. मागच्या लाल टेकडीला भोकं पाडणार आहेत. खाली तांबं आहे का आणि तांब्याच्या संगतीनं थोडं सोनं आहे का, ते बघायला. तू त्या टेकडीला म्हणायचीस, "गंजलेला तवा उपडा घातलाय, गवतसुद्धा उगवायला लाजतं." तर त्या गंजासाठीच आलेत. वर असा गंज दिसला की खाली काही असायची शक्यता असते म्हणे.

त्यांची मुख्य एक बाई आहे, भूगर्भशास्त्र शिकलेली. वयानं आपल्या मुलीएवढी. आपली गिऱ्हाइकं तिला दगडबाई म्हणायला लागली आणि आता ती स्वतःच तशी ओळख करून देते. आली त्याच दिवशी आपल्या गरम झऱ्याच्या हौदाच्या काठावर बसली, पाण्यात हात घातला, नाकाशी नेला, आणि लहान मुलासारखी खूश झाली.

"काका, तुमची टेकडी एके काळी ज्वालामुखी होती. असंच गरम पाणी खालून वर यायचं, पण याच्या कितीतरी पट तापलेलं. त्यानं दगड शिजवला. चांगला टणक दगड, त्याचा पांढरा भुसा करून ठेवला. आणि येताना तांबं, सोनं विरघळवून आणलं ते भेगांमध्ये ठेवून दिलं."

"मग माझं हे पाणी?"

"हे म्हणजे त्या चुलीतली उरलेली धग."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बाप हौद घासायचा, मी हौद घासतो, आणि आपण कशाच्या काठावर बसलोय ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला तुझ्या कपाटातला जाड पंचा दिला. रागावू नकोस, धुऊन परत ठेवीन.

मुलगी म्हणत होती, पुढच्या महिन्यात नातवाचा वाढदिवस आहे, या. बघतो. घर भरलेलं आहे, हौद सोडून निघणं अवघड दिसतंय. तू म्हणशील, तुमचं नेहमीचंच. आहेच नेहमीचं. तूसुद्धा तिच्या बाळंतपणाला महिन्याभरासाठी गेली होतीस. दोन वर्षं होत आली. मी काही म्हटलं का?

थंडी आहे. पाणी फर्स्टक्लास आहे.


१२ मार्च

बाईसाहेब,

यंत्राची घरघर दिवसभर चालू असते. स्वयंपाकघरातल्या फळीवर कपबशा आपोआप पुढे सरकतात, त्या मी येता-जाता मागे ढकलतो. काम बघण्यासारखं आहे. एक पोकळ नळी, तिच्या तोंडाला हिऱ्यांचा चुरा बसवलेला. ती गरगरत खाली जाते आणि तिच्या पोटातून दगडाची कांडी बाहेर येते, मनगटाएवढी जाड, हातभर लांब. टेकडीच्या आत कुणाचं बोट कधी पोचलं नाही तिथला दगड, आणि तो आपल्या अंगणात! तुझ्या पंचे वाळवायच्या शेडमध्ये आता लाकडी खोकी मांडली आहेत. त्यांत कांड्या ओळीनं ठेवतात, किती खोलीवरची कुठली ते लिहून. दगडबाई ओल्या स्पंजनं एकेक कांडी पुसते, भिंग डोळ्याला लावते आणि वाकून बघत बसते.

यंत्र चालवणारा मिस्त्री फाजील आहे. म्हणाला, "काका, बाई दगडाकडे बघतात तसं तुम्ही काकूंकडे बघितलं असतं तर काकू इथंच असत्या." मी म्हटलं, "तू तुझं भोक पाड." पण मनातून लागलं.

पहिल्या भोकातून नुसती पांढरी माती निघाली. तिच्यात पिवळे कण चमकत होते. मी ओरडलो, सोनं! ती हसून म्हणाली, याला खोटं सोनं म्हणतात काका, पायराइट, याला बघून भल्याभल्यांना वेड लागलंय. दुसऱ्या भोकात मात्र मोरचुदासारखे निळे-हिरवे डाग आले, आणि त्याच्या खाली गारगोटीच्या बारीक शिरा, शिरांमध्ये पितळी ठिपके. ते तांबं. त्या दिवशी सगळे जेवताना मोठमोठ्यानं बोलत होते.

मी तिला विचारलं, "मग होणार का खाण?"

"शंभर टेकड्या तपासल्या तर एखादीची होते."

"आणि बाकीच्या नव्याण्णवांचं काय होतं?"

"काही नाही. भोकं राहतात."

वाढदिवसाला आलो नाही. स्वेटर पोचला का? बसला का त्याला? मुलगी "छान आहे" म्हणाली. म्हणजे लहान झाला असणार. दोन वर्षांचं मूल केवढं असतं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. दर गुरुवारी शिंपीणबाई येतात, बोटं अशी वाकडी झालीत की सुई धरवत नाही. त्यांना काय सांगू, मी गावाला चाललोय, तुम्ही पुढच्या आठवड्यात दुखवून घ्या? ऐंशीच्या पुढे गेल्यात, बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. अजूनही पाण्यातून बाहेर आल्या की चांदीची अंगठी बघतात. आपल्या पाण्यानं ती काळी पडलेली असते. मग रुमालानं घासत म्हणतात, "अंगठी काळी झाली, म्हणजे पाणी लागू पडलं."

तू काय करतेस दिवसभर? मुलगी सांगते, आई ठीक आहे. ठीक म्हणजे कसं, ते सांगत नाही.


२० एप्रिल

अगं,

मागच्या आठवड्यात मोठी गंमत झाली. चौथं भोक खाली ओढ्याच्या अंगाला चाललं होतं. दुपारच्या जेवणाआधी यंत्राचा आवाज बदलला. मी अंगणात पंचे झटकत होतो, तिथं मला कळलं. मग फुस्सकन वाफ, आणि नळीच्या तोंडातून पाणी, पुरुषभर उंच! कढत. मिस्त्रीच्या पोटरीवर उडालं, कातडी सोलली गेली त्याची, तरी शिव्या देत हसत होता. सगळे धावले. ओढ्यात जिथं ते पाणी मिसळत होतं तिथं कपड्यांसकट बसले. मीही पायजमा वर करून पाय घातले. आपल्या हौदाचं सख्खं भावंड, म्हटलं, आज पहिल्यांदा भेटलं.

एक दगडबाई तेवढी आली नाही. ती तशीच वळून आपल्या घराकडे गेली. मी आलो तेव्हा ती बायकांच्या हौदाशी गुडघ्यांवर बसून तापमापक धरून होती. मला बघून म्हणाली, "काका, सकाळी किती होतं, बघितलं होतं का?" मी म्हटलं, "मी काय रोज त्याचा ताप बघतो का?" ती हसली नाही.

काही काळजीचं कारण नाही. पाणी किंचित उतरलंय, पण या दिवसांत उतरतं. आठवतं ना, मुलगी चौथीत होती त्या वर्षीही उतरलं होतं. तुझा भाऊ बाजारात भेटला होता, उगाच खोदून खोदून विचारत होता. तो तुला काही कळवेल. त्याला तिखटमीठ लावल्याशिवाय घास उतरत नाही, ते तुला माहीतच आहे. तू लक्ष देऊ नकोस.

मिस्त्रीची पोटरी मी रोज धुऊन देतो. कामाला मात्र खाडा नाही त्याचा.


१७ मे

अगं,

मागच्या पत्रात मी लिहिलं ते खरं नव्हतं. म्हणजे गंमत झाली ते खरं. काळजीचं कारण नाही, हे खरं नव्हतं.

त्या दिवसापासून पाणी उतरत गेलं. आधी सोसवेल इतकं ऊन, मग कोमट, मग नुसतं गार नाही एवढंच. धारही बारीक झाली. ओढ्याकडचं भोक त्यांनी सिमेंट भरून बंद केलं. दगडबाई म्हणाली, "आता आतला दाब परत चढेल, काका, थोडे दिवस द्या." मी दिले. दाब चढला नाही. त्या पाण्याला एकदा दुसरी वाट दिसली ती दिसली. आता ओढ्याच्या तळाशी कुठं कुठं बुडबुडे येतात, पाणी वाहून जातं. कुणाच्याच कामाचं नाही.

आता पुढचं सांगतो, ते कुणाला सांगू नकोस. मुलीलासुद्धा. मी मागच्या अंगणात जुनी टाकी विटांवर चढवली आहे. पहाटे उठून तिच्याखाली लाकूड पेटवतो आणि नळीनं ते पाणी हौदात सोडतो. गंधकाचा वास येत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून गंधकाची पूड आणून चिमूट चिमूट टाकतो. दुकानदारानं विचारलं, "एवढी कशाला?" म्हटलं, "अंगणात साप निघाला."

लोक येतात. अंघोळ करतात. गवंडीकाका परवा हौदात मान टेकून म्हणाले, "या वर्षी पाणी काय तापलंय! नशीब काढलंस लेका." मी हसलो. अगं, मला हसायला आलं! मग सरपणाच्या ढिगामागे जाऊन बसलो थोडा वेळ.

मिस्त्रीला धूर दिसतो. एकदा येताना खोक्यांच्या मोडक्या फळ्या खांद्यावर आणल्या आणि टाकीजवळ टाकून गेला. दगडबाईला माहीत आहे. ती हल्ली अंघोळीला येत नाही. जेवायला खाली येते तेव्हा ताटाकडे बघून जेवते.

आपलं लग्न झाल्यावर तू पहिल्यांदा हौदात उतरलीस आणि म्हणालीस, "याला सडक्या अंड्यांचा वास येतो, मी यात मेले तरी उतरणार नाही." आणि मग रोज उतरायचीस. हे उगाच आठवलं. याचा वरच्या गोष्टीशी संबंध नाही.


२२ जून

तुला,

शिंपीणबाईंना कळलं.

गुरुवारी त्या पाण्यातून बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि अंगठीकडे बघत राहिल्या. मी पंचा घेऊन उभा होतो. म्हणाल्या, "अरे, चार गुरुवार झाले, ही पांढरीच राहतेय. कुठंतरी पाणी मुरतंय."

मी काहीबाही बोललो. चांदी जुनी झाली असेल, असं काहीतरी. त्यांनी पंचा माझ्या हातातून घेतला आणि सावकाश एकेक बोट पुसलं.

"लाकूड जाळतोस?"

"हो."

"कधीपासून?"

"ती माणसं यंत्र घेऊन ओढ्याकडे गेली तेव्हापासून."

"एकटाच उचलतोस ओंडके? या वयात?"

मी मान हलवली. मला वाटलं रागावतील, चारचौघांत बोलतील. त्या म्हणाल्या, "मला सांगायचंस. मी नुसती गप्पा मारायला आले असते. पण आता येणार नाही रे बाबा. लाकडावर तापवलेलं पाणी माझ्या घरीही आहे, त्यासाठी चढ चढायला गुडघे नाहीत माझे."

त्यांनी कुणाला सांगितलं नसणार, तसा स्वभाव नाही. पण त्या यायच्या थांबल्या म्हटल्यावर बाकीच्यांना कळायला काय लागतं? गवंडीकाका एकदा येऊन हौदाच्या तोंडाशी हात धरून गेले. जाताना चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. त्यानंतर कुणी आलं नाही. मी आणखी काही दिवस टाकी पेटवत राहिलो. कशासाठी, ते विचारू नकोस.

मग कंपनीचे साहेब आले. बूट न काढता आत आले, पण आता काय फरक पडतो. दगडबाईनं त्यांच्यापुढे माझ्यादेखत सगळं मांडलं, भोक पडायच्या आधीचं पाणी, नंतरचं पाणी. साहेब म्हणाले, "झरे आपोआपही आटतात." ती म्हणाली, "आटतात. पण भोकात पाणी लागलं त्याच दुपारी नाही आटत." साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमचं काम दगड बघायचं आहे." एवढंच. वाईट माणूस नव्हता. निघताना मला म्हणाला, माझ्या आईलाही सांधेदुखी आहे. मी म्हटलं, असं होय.

मागच्या रविवारी धार थांबली. मी समोरच होतो. आधी बारीक झाली, मग थेंब, मग एक थेंब तोंडाशी लोंबत राहिला. मी म्हटलं हा पडला की बघू. तो पडला. मग दुसरा आला नाही.

तुला एक सांगू? आता मी रोज त्यांच्या शेडमध्ये जातो. खोक्यांवर वाकतो, स्पंज फिरवतो, पितळी ठिपका दिसला की दगडबाईला हाक मारतो. "बाई, हे बघा, हे बघा!" खाण झाली तर टेकडी जाईल, आपलं घर जाईल, हे मला कळतं. जाऊ दे. पण मग कुणी विचारलं, काय रे, तुझं पाणी कुठं गेलं, तर टेकडीकडे बोट दाखवून सांगता येईल, तांब्यासाठी गेलं. लोकांच्या घरात तारा आहेत, दिवे आहेत, त्यात गेलं. निदान तांबं तरी निघावं. इतकी इच्छा मी आयुष्यात कशाची केली नाही. मुलगी जन्मली तेव्हासुद्धा नाही. हे लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.


३० ऑगस्ट

तुला,

ते लोक गेले.

तपासणीचे निकाल आले तेव्हा दगडबाई स्वयंपाकघरात आली. मी बटाटे सोलत होतो. ती समोर बसली, दुसरी सुरी घेतली आणि सोलायला लागली. दोन-तीन झाल्यावर म्हणाली, "काका, नाही."

"काहीच नाही?"

"आहे. पण विखुरलेलं. इतकं पातळ की काढायला जेवढं जाईल तेवढंही हाती लागणार नाही. सोनं तर नावालाच."

"आणखी खोल गेलात तर?"

"खोल गेलो. शेवटची दोन भोकं त्यासाठीच पाडली."

"दुसऱ्या बाजूला? त्या उंचवट्याकडे? तिथं तर गंज जास्त आहे, मी दाखवतो तुम्हाला, चला."

मी उठलोच होतो. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "काका, बसा." आणि मग तीच रडायला लागली, सुरी हातात तशीच. मी तिला पाणी दिलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे, असू दे, तुम्ही काय मुद्दाम केलं का." खरं तर मला तिला घरातून हाकलून द्यायचं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि हात मात्र तिच्या डोक्यावर होता.

तिला आता दुसऱ्या कुठल्या टेकडीवर पाठवणार आहेत की घरीच बसवणार, तिला माहीत नाही. साहेबांशी बोलली ते महागात पडलेलं दिसतं. जाताना ती पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही.

मिस्त्री सगळ्यात शेवटी निघाला. पोटरीवर डाग राहिलाय, गुलाबी. म्हणाला, "काका, सगळ्या भोकांना टोपणं लावलीत, वर नंबर घातलाय. काही नाही, गुरंढोरांचे पाय अडकून मोडायला नकोत म्हणून." मी म्हटलं बरं केलंस. मग म्हणाला, "काकूंना नमस्कार सांगा." तेवढा सांगतो. त्यानं तुला कधी बघितलं नाही.

थोडी खोकी नेली, बाकीची शेडमध्येच आहेत. गाडी पाठवू म्हणालेत. माझा काही आग्रह नाही.

मी ठीक आहे. जेवतो. हौद कोरडा आहे, घासायला लागत नाही, त्यामुळे वेळ बराच मिळतो. फरशी गार असते. दुपारी तिथं बरं वाटतं.


४ ऑक्टोबर

तुला,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. "अहो, निघून या. मागची खोली रिकामी आहे. तो आता 'आजोबा' म्हणायला शिकलाय." एवढंच. तू भाजीची यादीसुद्धा याहून मोठी करायचीस.

तुझ्या भावानं कळवलं, म्हणून कार्ड आलं, ते समजतो. त्यानं काय कळवलं असेल तेही समजतो. तो आला तेव्हा मी हौदात आडवा होतो, कपड्यांनिशी, भर दुपारी. तो वरून हाका मारत होता, मला ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायचं जमेना. तो घाबरला. खाली उतरला, मला बसवलं, आणि काय केलं माहीत आहे? शेजारी बसला. चपलांसह. चाळीस वर्षांत आमचं पटलं नाही, आणि तो माझ्याशेजारी कोरड्या हौदात तासभर बसला. शेवटी म्हणाला, "दाजी, उठा, पाठ धरेल." आता त्याच्या तिखटमिठाबद्दल मी काही बोलणार नाही.

तर कार्ड आलं आणि मी पिशवी भरली. दोन कपडे, दाढीचं सामान, त्याच्यासाठी एक शिट्टी. दार ओढलं आणि स्टँडवर गेलो. बाकावर बसलो. बस लागली. लोक चढले. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "आजोबा, चढताय ना?"

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाणी..."

अगं, इतकी वर्षं जे तोंडात बसलंय तेच बाहेर आलं. पाणी सोडून येता येत नाही. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत हेच म्हटलं होतं. मुलीच्या बाळंतपणाला हेच. वाढदिवसाला हेच. आणि आता त्या माणसासमोर तेच, आणि पाणी तर नाहीच!

तो म्हणाला, "पाणी पुढच्या स्टँडवर मिळेल, चढा."

बस गेली. त्यानंतरची एक होती, तीही गेली. मी पिशवी घेऊन घरी आलो.

वाटेत बराच विचार केला. मला वाटायचं, पाणी मला धरून ठेवतंय. पाणी गेलं, तर मी सुटा व्हायला हवा होतो. झालो नाही. मग इतके दिवस मी कुठं यायला भीत होतो? तुझ्याकडे? की तिथं गेल्यावर माझं काम काय, या विचाराला? तुमच्या घरात मागच्या खोलीत बसलेला एक म्हातारा, ज्याला हौद घासण्याशिवाय काही येत नाही. मुलगी चहा आणून देईल. नातू दारातून डोकावून पळून जाईल. आणि तू "हं" म्हणशील. हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. निमित्त इतकं चांगलं होतं, गरम आणि रोज वाहणारं, की त्याच्या खाली काय आहे ते बघायची वेळच आली नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तू महिन्याभरासाठी गेलीस आणि परत आली नाहीस, ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असतो तर बाळंतपणाची वाटही बघितली नसती.

रोज सकाळी उठलो की झऱ्याच्या तोंडाशी हात धरून बघतो. दगड कोरडा असतो. तरी बघतो. हे थांबवायला हवं, हे मला कळतं. समोर दार उघडं आहे तोवर मी ते थांबवणार नाही, हेही कळतं. या घराला कुलूप कधी लागलंच नाही. बापाच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही. कुणीतरी पाय दुखतायत म्हणून अवेळी यायचं, त्यासाठी.

तर माझं एक काम कर. तू ये. राहायला ये म्हणत नाही, त्या वासाच्या घरात आता वासही उरलेला नाही. एक दिवस ये. मी पिशवी घेऊन बाहेर रस्त्यावर उभा राहीन. तू दार ओढ, कुलूप लाव आणि पुढे चालायला लाग. मी मागून येतो. माझ्या हातानं ते लागत नाही, दोनदा करून बघितलं.

कुलूप बाजारातून आणलंय. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. दोन्ही तूच ठेव.